कर्नल वाट सोडत नाही

एलिशेबाबाई आपटेकरांनी सुनेचे पत्र तीन वेळा वाचले. पहिल्यांदा चष्म्याशिवाय, कारण आनंदाच्या बातमीला चष्मा लागत नाही. दुसऱ्यांदा चष्मा लावून. आणि तिसऱ्यांदा नुसता ताजा कलम, तोही उभ्याने.

पत्राचा मजकूर असा होता, की सोफीची परिचारिकेची शेवटची परीक्षा तोंडावर आली असून ती आणि एलिशेबाबाईंचा मुलगा सॉलोमन आपल्या दीड वर्षाच्या जुळ्यांना, म्हणजे सिमसनला आणि मिलकाला, येत्या रविवारी भायखळ्याहून पनवेलीस आणतील आणि महिनाभर आजीपाशी ठेवतील. ताजा कलम असा होता: ‘गर्शोममामांचा कुत्रा मुलांच्या अंगाशी आलेला मला चालणार नाही. मुलांना त्याच्यापायी काही झाले, तर त्याच दिवशीच्या एस.टी.ने त्यांना ठाण्याला माझ्या आईकडे नेऊन ठेवीन.’

ठाणे हा शब्द एलिशेबाबाईंना वर्ज्य होता. जुळ्यांचे पहिले दात ठाण्याला आले, पहिली पावले ठाण्याला पडली आणि पहिला शब्दही ठाण्यालाच उमटला. तो शब्द ‘आजी’ होता, असे विहीणबाईंनी साऱ्या गोतावळ्यात कळवले होते. कोणती आजी हे त्यांनी लिहिले नव्हते, आणि लिहिण्याची गरजही त्यांना भासली नव्हती. दीड वर्ष एलिशेबाबाईंनी हे सारे तोंडातून अवाक्षर न काढता गिळले होते. त्यांना ओळखणाऱ्यांना यावरून त्यांच्या दुःखाची कल्पना यावी.

आता महिना हाती आला होता, आणि त्या महिन्याच्या आड एक कुत्रा उभा होता.

गर्शोम इसाजी हा एलिशेबाबाईंचा धाकटा भाऊ. पलटणीत हवालदार कारकून म्हणून नोकरी पुरी करून आला तो डोळ्यांत काचबिंदू घेऊनच. बहिणीने त्याला ओटीलगतची खोली दिली. त्याच्याबरोबर देवळालीच्या छावणीतून एक पिल्लूही आले होते. सहा वर्षांत त्या पिल्लाचा रुंद छातीचा, काळ्या पाठीचा, माणसाच्या मांडीएवढ्या मानेचा जो प्राणी झाला, त्याचे नाव कर्नल. जन्मभर कर्नलांना सलाम ठोकलेल्या माणसाला एका तरी कर्नलला ‘बस’ म्हणायचे होते. त्यात काही गैर आहे असे समंजस माणसाला वाटणार नाही.

कर्नल गर्शोमला घेऊन बाजारात जाई, तलावावर जाई, शनिवारी सकाळी सिनॅगॉगमध्ये जाई. उरलेला वेळ तो आपटेकरांच्या पुढल्या दारात, उंबऱ्याला लागून आडवा पडलेला असे. कोणी आत येऊ लागले किंवा बाहेर जाऊ लागले की उठून उभा राही, तोही आडवाच. भुंकत नसे, गुरगुरत नसे. नुसता पाहत राही.

त्याच दाराच्या चौकटीला उजव्या अंगाने, खांद्याच्या उंचीवर, मेझुझाची पितळी नळी तिरपी ठोकलेली होती. तिच्यात पवित्र वचने लिहिलेल्या चर्मपत्राची गुंडाळी असते. येता-जाता नळीला बोटे लावायची आणि ती ओठांना टेकवायची, हा बेने इस्राएल घरातला रिवाज. एलिशेबाबाई नवी नवरी म्हणून या घरात आल्या त्या दिवसापासून एकदाही चुकल्या नव्हत्या. श्वास घेतल्याचे जसे माणसाच्या ध्यानात राहत नाही, तसे बोटे लावल्याचेही त्यांच्या ध्यानात राहत नसे.

ध्यानात राहत असे ते इतकेच, की आपण दाराशी आलो की कर्नल अदबीने बाजूला होतो. पोस्टमनला तो खोळंबवी, भाडेकरूंच्या पाहुण्यांना खोळंबवी; एलिशेबाबाईंना कधीच नाही. ‘प्राण्याला माणूस कळतो,’ असे त्या म्हणत. गर्शोमने एकदोनदा ‘ताई, त्याचं असं आहे…’ अशी सुरुवात करून पाहिली होती. पण एलिशेबाबाईंसमोर कोणाचेच ‘असं आहे’ सहसा पुरे होत नसे.

त्यांना आणखीही एका गोष्टीचा अभिमान होता. कोन गावची हौसा दर सोमवारी आणि शुक्रवारी मासळीची पाटी घेऊन येई. खवले असलेलाच मासा या दारी चालतो हे ठाऊक असल्याने जिताडा मिळाला की आधी इकडे वळे. ती आगरीण गेली दोन वर्षे उंबरा ओलांडताना मेझुझाला हात लावू लागली होती. शेजारचे कमळाकरपंत, नगरपालिकेतले कारकून, तेही लावत. त्यांची पत्नी दमयंतीबाईही लावत. आपल्या घरातल्या वातावरणाचा हा परिणाम, असे एलिशेबाबाई सिनॅगॉगमधल्या बायकांना सांगत. बायका माना डोलावत आणि एकमेकींकडे पाहत.

असो. कर्नल आपल्या शब्दाबाहेर नाही याची एलिशेबाबाईंना खात्री होती. पण त्यांनी त्याचे दात मोजले होते. ते बेचाळीस भरले. जुळ्यांचे दोघांचे मिळून वीस. असल्या विषम सामन्यात नुसत्या शिस्तीवर विसंबणे शहाणपणाचे नव्हते, आणि गर्शोमला त्याच्या डोळ्यांपासून तोडणे माणुसकीचे नव्हते. काहीतरी बंदोबस्त करणे भाग होते, आणि हाती सहा दिवस होते.

पहिला सल्ला हौसाचा. "बाय, त्याच्या तोंडाला मुसका बांधा. आमी मलनीला बैलांना बांधतो तसा. चावील कसा?"

"कुत्र्याचं मुसकं मिळतं का गं?"

"कुत्र्याचा नाय मिलत. बैलाचा हाय ना घरान. तोंड ते तोंडच!"

दुसऱ्या दिवशी काथ्याचे मुसके आले. ते कर्नलच्या तोंडावर चढवले, तेव्हा नाकावरून, डोळ्यांवरून, कानांवरून घसरत ते गळ्यात जाऊन थांबले. कर्नलने मान ताठ केली आणि सत्कारमूर्तीच्या रुबाबात तो हार दिवसभर मिरवला. संध्याकाळी तो काढायला गेले तेव्हा त्याने किंचित नाराजी दाखवली.

दमयंतीबाईंनी कडुनिंब सुचवला. "मुलांच्या हातापायांना रस चोळा, एलिशेबाबाई. एकदा चाटेल, पुन्हा नाव काढणार नाही."

कोणताही उपाय नातवंडांवर करण्याआधी स्वतःवर करून पाहायचा, हा एलिशेबाबाईंचा बाणा. त्यांनी रस स्वतःच्या मनगटाला चोळला आणि ते कर्नलपुढे धरले. कर्नलने ते अगदी चवीने, सावकाश चाटून स्वच्छ केले आणि मग दुसऱ्या मनगटाची वाट पाहिली.

कमळाकरपंतांचे म्हणणे पडले, की बंदोबस्त व्हायचा तो कायद्याने व्हावा. "आधी कुत्र्याच्या बिल्ल्याचा, म्हणजे परवान्याचा, कागद पाहू. साखळी किती फुटांची, कुत्रा कोणाच्या ताब्यात, सगळं त्यात असतं." कागद काढला. दोन वर्षांपूर्वी गर्शोमने तो, डोळ्यांना अजून थोडे दिसते या भरवशावर, स्वतःच्या हाताने भरला होता, आणि लिहिताना प्रत्येक रकान्यात त्याची एक ओळ चुकली होती. त्यामुळे कागदावर मालकाचे नाव होते ‘कर्नल’, आणि कुत्र्याचे ‘गर्शोम इसाजी’. रंग गव्हाळ, वय त्रेपन्न, खूण डाव्या कानामागे तीळ.

कमळाकरपंतांनी कागद दोनदा उलटून पाहिला. "दुरुस्ती होईल. तशी तरतूद आहे. मात्र मालकाने समक्ष येऊन सही करायला हवी."

"कोणत्या मालकाने?" एलिशेबाबाईंनी विचारले.

पंत प्रामाणिक गृहस्थ होते. त्यांनी उंबऱ्याकडे पाहिले. "कागदावरून तरी… यांनी."

"आणि तोवर?"

"तोवर नियमाने, रस्त्यावर जाताना गर्शोमरावांना सहा फुटी साखळी."

"साखळी आहेच की," गर्शोम हसत म्हणाला. "दुसरं टोक कर्नलकडे असतं. पंत, तुमचा कागद बरोबर आहे. राहू द्या तसाच."

भावाच्या थट्टेखोर स्वभावाला एलिशेबाबाईंनी त्याच्या लहानपणी आळा घातला असता तर बरे झाले असते. तेव्हा त्या स्वतः सहा वर्षांच्या होत्या, एवढेच काय ते कारण. त्या उठल्या, पदर खोचला आणि महादेव सुताराकडे गेल्या.

पनवेलच्या बैलगाड्यांना तेव्हा मोठे नाव होते आणि पनवेलच्या गाड्यांमध्ये महादेवच्या. एलिशेबाबाईंची योजना साधी होती. पुढल्या दाराला कमरेइतके अर्धे फाटक बसवायचे. कुत्रा ओटीवर, मुले घरात. दिसायला दोघांना दोघे दिसतील, पोचायला कोणी पोचणार नाही. योजना म्हणून तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. खोट असलीच तर इतकी, की महादेवने उभ्या आयुष्यात गाडीखेरीज काही केले नव्हते.

"भार किती वाहायचा?" त्याने पहिला प्रश्न केला.

"भार कसला? कुत्रा अडवायचाय."

"किती मणांचा?"

बुधवारी सांगितलेले फाटक शुक्रवारी सकाळी आले, तेव्हा ते उचलायला तीन माणसे लागली. अस्सल साग, वरून लोखंडी पट्टी, आडणा म्हणून जोखडाची खीळ. पाच खंडी भात घेऊन ते खंडाळ्याचा घाट उतरले असते. एलिशेबाबाईंनी त्याच्यावर हात फिरवला आणि त्यांना भरून आले. काम करावे तर असे.

महादेवने चौकट पाहिली, वितीने मोजली आणि उजव्या अंगाला बोट ठेवले. "बाई, फाटक कमरेचं, पर वजन बक्कळ. बिजागरीचा पट्टा पार हितवर चढल. ही पितळी डबी काढावी लागल."

एलिशेबाबाई थबकल्या. मेझुझा चाळीस वर्षांत हलली नव्हती. पण काम तासाभराचे होते, आणि नातवंडांसाठी होते. त्यांनी स्वतःच्या हाताने दोन्ही खिळे उचकले, नळी रेशमी रुमालात गुंडाळली आणि प्रार्थनेच्या पुस्तकाशेजारी कपाटात ठेवली. कर्नल जागचा उठला. त्याने चौकटीला नाक लावले, खालपासून वरपर्यंत हुंगले, मग डावी बाजू हुंगली, आणि प्रथमच उंबरा सोडून ओटीच्या कोपऱ्यात जाऊन बसला.

"पाहिलंस?" एलिशेबाबाई भावाला म्हणाल्या. "फाटक आलेलं पाहिलं आणि समजला. खचला बिचारा."

"ताई, त्याचं असं आहे…"

"तू आत जा. भुसा उडतोय."

बिजागरीचे खालचे दोन पत्रे बसले, आणि निरोप आला, की मिठाची एक गाडी खाडीच्या वाटेवर आख मोडून पडली आहे. महादेव हत्यारे गोळा करू लागला. "आलोच बाई, तासाभरात." गाडी रस्त्यात पडल्यावर फाटकाची काय कथा! फाटक ओटीच्या भिंतीला टेकून राहिले.

तो गेला आणि टांगा दाराशी थांबला. सोफीला रजा शुक्रवारपासून मिळाली होती, म्हणून ती मंडळी रविवारची आजच आली होती. मग काय! मुलांना पाणी पाजायचे, जिताड्याच्या कालवणाला नारळ वाटायचा, शब्बाथची पोळी भाजायची, सिमसनला फाटकावरून उतरवायचे, मिलकाला फाटकाखालून काढायचे. या गडबडीत महादेव आला नाही आणि सूर्य मात्र वेळेवर गेला. एलिशेबाबाईंनी शब्बाथचे दिवे लावले, डोळ्यांवरून हात काढला आणि त्यांना समोर उघडी चौकट दिसली. दोन रिकामी भोके.

खिळा ठोकायला दोन मिनिटे पुरतात. पण शब्बाथ म्हणजे कामाला हात न लावण्याचा दिवस; तो लागल्यावर हातोडी उचलणे आपटेकरांच्या घरात कोणी पाहिले नव्हते. उद्या तारे दिसेपर्यंत दार तसेच राहणार होते.

सोफी ओटीवर पाहत उभी होती. "आई, तो कुत्रा मोकळाच आहे."

"तो माझ्या शब्दाबाहेर नाही," एलिशेबाबाई म्हणाल्या. "मुलांच्या केसाला धक्का लागला तर ठाण्याला ने. मी ‘राहू दे’ म्हणणार नाही." आणि सवयीने त्यांचा हात चौकटीकडे गेला, तो नुसत्या लाकडावर.

शनिवारी सकाळी सोफी, सॉलोमन आणि गर्शोम सिनॅगॉगला निघाले. गर्शोमचा हात आज सॉलोमनने धरला, कारण मुले असेपर्यंत कर्नलची रस्त्यावरची नेमणूक सोफीने रद्द केली होती. गर्शोमने त्याला ओटीवर ‘थांब’ म्हटले. तो थांबला, पण तिघे कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याने नजर काढली नाही.

एलिशेबाबाई मुलांपाशी राहिल्या. शब्बाथची प्रार्थना चुकवण्याची ही त्यांची कितीतरी वर्षांतली पहिलीच वेळ. त्यांनी पुढल्या दाराच्या आतल्या बाजूस तीन पाट उभे करून तटबंदी केली, तिच्यामागे आपली खुर्ची टाकली आणि मुलांना स्वयंपाकघरातले लाकडी डाव खेळायला दिले. सिनॅगॉगला जाता येत नाही तर निदान शेमा घरी म्हणावी, असे मनात आणून त्यांनी उजवा हात डोळ्यांवर ठेवला. शेमा म्हणताना डोळे झाकायचे असतात. प्रार्थना तशी लहान आहे. पण आठवडाभर मुसके, निंब, नगरपालिका आणि सुतार इतक्या आघाड्यांवर लढलेल्या स्त्रीचे डोळे एकदा झाकले, की ते प्रार्थनेच्या हिशेबाने उघडत नाहीत.

ते उघडले तेव्हा तीन पाट आडवे होते. एक डाव ओटीवर होता. सिमसन नव्हता, मिलका नव्हती. आणि कोपऱ्यातला कर्नलही नव्हता.

एलिशेबाबाईंनी फाटकामागे पाहिले, गर्शोमच्या खोलीत पाहिले, मागल्या दारी विहिरीत वाकून पाहिले. विहिरीचे पाणी हलत नव्हते. मग त्या रस्त्यावर आल्या. पायांत वहाणा नव्हत्या, डोक्यावर पदर नव्हता. त्यांना वाहणारा रस्ता दिसत होता, त्यापलीकडचा तलाव दिसत होता, आणि सगळ्यांत स्पष्ट ते बेचाळीस दात. ठाणे त्या क्षणी त्यांच्या मनातही आले नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

शेजारच्या खिडकीत दमयंतीबाई तांदूळ निवडत होत्या. "अहो, कसली ही शिस्त!" त्या कौतुकाने म्हणाल्या. "एकानं शेपूट धरलंय, एकीनं मानेचे केस, आणि तो मधून तोलून मापून चाललाय. म्हटलं, एलिशेबाबाईंनी कुत्र्यालाही कामाला लावलं!"

"कुठे? कुठे गेले?"

"कुठे म्हणजे? तुम्हीच पाठवलंत ना?"

एलिशेबाबाई धावू लागल्या. साठी उलटलेल्या, वजनाने आणि प्रतिष्ठेने भारदस्त अशा त्या बाईंना धावताना त्या आळीतल्या कोणीही पाहिले नव्हते. दुकानदार उठून उभे राहिले. कोपऱ्यावर हौसा भेटली, डोक्यावर रिकामी पाटी.

"आवं बाय, पोरांना देवलान धाडलंव का? मी पायला ना! मिठाची गारी आली भरधाव. तो कुत्रा मधी आरवा रायला, जागचा हालंल तं शपथ. बैल थांबले, गारीवान शिव्या देतंय, आन पोरं खालून डुलत डुलत गेली पल्यार. तवा खं हालला तो!"

हौसाही मागे धावत आली. अशा दोघी सिनॅगॉगच्या फाटकाशी पोचल्या.

आत, अंगणात, प्रार्थना आटोपून मंडळी बाहेर पडत होती. मधोमध सोफी गुडघ्यांवर बसून सिमसनचा सदरा वर करून त्याची पाठ तपासत होती. मिलका गर्शोमच्या कडेवर होती. दोन्ही मुले जिवंत होती, हसत होती, आणि दोघांच्या हातांत शेवटच्या बाकावरच्या कोणीतरी दिलेले केळे होते. आणि फाटकाच्या उंबऱ्यात कर्नल आडवा उभा होता.

एलिशेबाबाईंचा सगळा श्वास एका शब्दात आला. "कर्नल! बाजूला हो!"

कर्नलने त्यांच्याकडे पाहिले. शेपूट एकदा हलवले. हलला नाही.

"कर्नल!" हा तो आवाज होता, ज्याने भाडेकरू वेळेवर उठत आणि नळ वेळेवर बंद होत. कर्नलने कान मागे केले, पण पाय रोवलेलेच राहिले. सगळ्यांचे डोळे फाटकाकडे लागले.

तेवढ्यात हौसाने मागून हात घातला, खांबावरच्या मेझुझाला बोटे लावली, ओठांना टेकवली. कर्नल एक पाऊल मागे झाला. हौसा आत गेली. कर्नल पुन्हा आडवा झाला.

कोन गावची हौसा आत, आणि एलिशेबाबाई आपटेकर बाहेर.

"आवं बाय, लावा ना हात डबीला," हौसा आतून म्हणाली. "त्याबिगर सोरीत नाय तो. आमी दोन वरसा तेच करतो ना! नायतर पाटी घेऊन उनान उभं रावा लागतंय."

"म्हणून तू हात लावतेस?"

"आन कशाला?" हौसाला प्रश्नच कळेना.

एलिशेबाबाईंनी सावकाश भावाकडे पाहिले. गर्शोमला दिसत नव्हते, पण ती नजर त्याला न पाहताही कळत असे.

"ताई, त्याचं असं आहे," तो म्हणाला, आणि सहा वर्षांत प्रथमच त्याला कोणी थांबवले नाही. "मला चौकट दिसत नाही. उंबऱ्याला ठेचकाळायचो. मेझुझा हाताला लागली की कळतं, दार आलं, पाय उचल. तेवढा वेळ हा आडवा उभा राहायला शिकला. मग त्यानं तो नियमच करून टाकला. हात लागला की वाट, नाही लागला तर नाही. तुझा हात कधी चुकत नाही, म्हणून तुला तो कधी अडवत नाही. पंतांनाही ठाऊक आहे, पोस्टमनलाही."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

ते सांगण्याची छाती असलेला माणूस पनवेलीत अजून जन्मायचा होता.

एलिशेबाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. मग हात उचलला, मेझुझाला बोटे लावली आणि ती ओठांना टेकवली. या वेळी मात्र पुरे ध्यान देऊन. कर्नल लगेच बाजूला झाला. जाताना त्याने त्यांच्या हाताला ओले नाक लावले, जणू झाल्या प्रकारात वैयक्तिक काही नव्हते.

सोफीने दोन्ही मुले नखशिखांत तपासली होती. सिमसनच्या कानात कुत्र्याची लाळ होती. बाकी काही नव्हते. ती उठली.

"आई, मुलं घराबाहेर पडली कशी?"

खोटे बोलण्याची सोय होती. पाट वाऱ्याने पडले असे म्हणता आले असते. "मी झोपले," एलिशेबाबाई म्हणाल्या. सबंध सभेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आणि त्याआधी मी चूक केली. त्याला अडवायला फाटक बसवायचं म्हणून मेझुझा काढली. ती जागेवर असती, तर यानं मुलांना उंबरा ओलांडू दिला नसता. राखणदार घरात होता. मीच त्याचं दार काढून घेतलं. तरी तो त्यांच्याबरोबर चालत आला. मी नाही आले. ठाण्याची एस.टी. शब्बाथ सुटल्यावर असते."

सॉलोमनने जमिनीकडे पाहिले. सोफी मात्र कुत्र्याकडे पाहत होती. परिचारिका होणारी मुलगी; तिचा भर पुराव्यावर.

"मामा, हा हात लावल्याशिवाय कोणालाच सोडत नाही?"

"राजालाही नाही."

"आणि मुलांचा हात कधी पोचेल?"

गर्शोमने मिलकाची उंची हाताने चाचपली. "चार वर्षं. साडेचार धर."

सोफीने सासूच्या अनवाणी पायांकडे पाहिले. उजव्या अंगठ्यातून रक्त येत होते. एलिशेबाबाईंना ते अजून कळले नव्हते. सोफी वाकली आणि आपल्या रुमालाने तिने तो अंगठा बांधला.

"मुलं इथेच राहतील, आई," ती खालूनच म्हणाली. "तारे दिसले की मेझुझा लावा. आणि ते फाटक माझ्या नजरेसमोरून काढा. सिमसन त्याच्यावरून पडला तर मरेल."

तीन तारे दिसताच एलिशेबाबाईंनी स्वतःच्या हाताने मेझुझा ठोकली. सॉलोमनला हातोडीला हात लावू दिला नाही. कर्नलने नळी हुंगली, खोल सुस्कारा सोडला आणि उंबऱ्याला आडवे अंग टाकले. महादेव रविवारी सकाळी ‘आलोच’ म्हणाल्याप्रमाणे आला. फाटक परत न्यायला त्याला पुन्हा तीन माणसे लागली. पुढे ते मिठाच्या एका गाडीला मागचा कठडा म्हणून बसले आणि जन्मभर टिकले. बिल्ल्याचा कागद कोणी दुरुस्त केला नाही.

तो महिना निर्वेध पार पडला, आणि पुढच्या वर्षीचाही, आणि त्यापुढचाही. जुळी दारापर्यंत धावत येत, कर्नलच्या पाठीवर पालथी पडत, त्याचे कान ओढत, आणि तिथूनच मागे फिरत. ठाण्याच्या विहीणबाई एकदा मुद्दाम पाहायला आल्या. उंबऱ्यात पुरती दहा मिनिटे उभ्या राहिल्या. एलिशेबाबाईंना हात लावण्याचे सांगायचे सुचायला तेवढा वेळ लागला.

मुले सहा वर्षांची झाली त्या सुट्टीत एका सकाळी सिमसनने टाचा उचलल्या, मधले बोट पितळेला पोचवले आणि ओठांना टेकवले. कर्नलच्या तोंडाभोवती आता पांढरे झाले होते. तो उठला, उठायला त्याला वेळ लागला, आणि बाजूला झाला. सिमसन ओरडत अंगणात गेला. मागोमाग मिलकाने हात उंचावला. तो दोन बोटे कमी पडला. कर्नल पुन्हा आडवा झाला आणि मिलकाचे ओठ थरथरू लागले.

एलिशेबाबाई खुर्चीवरून उठल्या. त्यांनी नातीला कमरेला धरून उचलले, तिचा हात नळीला लावला, स्वतःचाही लावला. कर्नलने वाट दिली.

"बघितलंस?" त्या नातीला म्हणाल्या. "माझ्या शब्दाबाहेर नाही तो."

ओटीवर बसलेल्या गर्शोमने मान वर केली. "ताई, त्याचं असं आहे…" तो म्हणाला, आणि या वेळी स्वतःहूनच थांबला.